जापार-अबांना झोप येत नव्हती

माझं औषधाचं दुकान सकाळी आठला उघडतं. चार वर्षं असं चाललं होतं की मी कुलूप काढायला पोचायच्या आधी जापार-अबा पायरीवर हजर. हिवाळ्यात त्यांच्या मिशीवर बर्फाची साय धरलेली असायची.

"अबा, केव्हापासून उभे आहात?"

"आत्ताच आलो, बाळा."

आत्ताच म्हणजे तासभर. समोरच्या पावाच्या भट्टीवाल्यानं मला ते कधीच सांगून ठेवलं होतं.

आत आले की काउंटरवर वाकून, चोरीचा माल मागावा तशा आवाजात म्हणायचे, "ते थेंब दे." पुदिन्याचा उग्र वास येणारे हे थेंब आमच्या कोक-जार गावात घरोघरी असतात. छातीत धडधडलं, सुनेशी वाजलं, मुलाचा निकाल लागला, की साखरेच्या खड्यावर घालून घ्यायचे. अबा आठवड्याला एक बाटली संपवत होते.

जापार-अबा म्हणजे आमच्या गावातलं मानाचं माणूस. चौतीस वर्षं ते अक-बेलच्या खिंडीत रस्त्याच्या चौकीवर होते. हिवाळ्यात वरच्या उतारावरचा बर्फ कधी सुटेल ते ओळखायचं, हे त्यांचं काम. चौकीत बसून वारा ऐकायचा, उतार बघायचा आणि खालच्या गाड्यांना वायरलेसवर सांगायचं, या किंवा थांबा. त्यांनी "या" म्हटल्याशिवाय खिंडीतून कोंबडीसुद्धा जात नसे. ट्रकवाले त्यांच्या नावानं शपथा घ्यायचे. लग्नात त्यांना नेहमी दारापासून सगळ्यात लांबची, पाहुण्यांची जागा मिळायची, आणि मेंढीचं डोकं त्यांच्याच पुढ्यात यायचं.

त्रेसष्टाव्या वर्षी ते निवृत्त झाले, खाली घरी आले, आणि त्यांची झोप उडाली. म्हणजे तोवर होती असं नाही. पण चौकीवर जागं राहणं ही नोकरी होती, घरी तो आजार ठरला. छपरावरून बर्फाचा लगदा घसरला की माणूस अंगणात. कुत्रं भुंकलं की अंगणात. काहीच आवाज नसला तर जास्तच घाबरून अंगणात.

"माझा म्हातारा घराची राखण करतो," त्यांची बायको बुरुल-एजे म्हणायची. एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, जसं अबा म्हणजे काका. वयानं मोठ्या कुठल्याही बाईला तसंच म्हणतात. "कुत्रा पाळला होता, तो आता निवांत झोपतो. त्याला कळलंय, कामाला माणूस ठेवलाय म्हणून."

हसून सांगायची, पण तिचे डोळेही खोल गेले होते. शेजारी माणूस कूस बदलत असला की आपल्या डोळ्याला तरी डोळा कसा लागणार?

उपाय काय कमी केले? मशिदीतल्या मोल्दोंनी येऊन दुआ म्हटल्या. त्या ऐकताना अबांना खरंच डुलकी लागली, पण मोल्दो घरी गेले तशी तीही गेली. मग झऱ्याजवळच्या म्हातारीकडे नेलं. ती भ्यालेल्या लेकरांच्या डोक्यावर भांडं धरून वितळलेलं शिसं पाण्यात ओतते आणि भीती बाहेर काढते. अडुसष्ट वर्षांचे, सहा फुटांचे जापार-अबा तिच्यापुढे मांडी घालून बसले. तिचा हातच पोचेना, म्हणून ती स्टुलावर चढली. शेवटी शिशाचा वेडावाकडा गोळा न्याहाळून म्हणाली, "हा तर डोंगर दिसतोय. डोंगर काही माझ्यानं निघायचा नाही." आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

बिश्केकला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा, थेरपिस्टकडे जा." अबा पहाटेच्या गाडीनं नारीनला गेले, मोठ्या दवाखान्यात 'तेरापेव्त' लिहिलेल्या दारासमोर तीन तास बसले. आमच्याकडे तेरापेव्त म्हणजे साधा ताप-खोकल्याचा डॉक्टर. त्यानं रक्तदाब मोजला, मीठ कमी करा म्हणाला, आणि कुरुत बंद केलं. सुकवलेल्या दह्याच्या त्या खारट गोळ्या अबांच्या खिशात कायम असायच्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"झोप आधीच नव्हती. आता कुरुतही नाही."

आणि हे सगळं चालू असताना माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर, आमच्याच दवाखान्याच्या शेवटच्या खोलीत, एलनुरा बसत होती.

एलनुरा गावचीच पोर. बिश्केकला मानसशास्त्र शिकली, झोपेच्या आजारांवर वेगळं शिक्षण घेतलं, आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी आईसाठी परत आली. गावानं तिचं नाव 'डोक्याची डॉक्टर' ठेवलं. तिच्या खोलीत जायचं तर लोक दवाखान्याच्या मागच्या, कोळसा उतरवायच्या दारानं जायचे. तरी जायचे. चार महिने न झोपलेली बाळंतीण तिनं बरी केली होती, दोन ट्रकवाले बरे केले होते. मला ठाऊक होतं, कारण त्यांनी माझ्याकडून गोळ्या घेणं थांबवलं होतं.

मी अबांना कितीदा सांगितलं. एकदा तर थेंबांची बाटली हातात धरूनच ठेवली. "आधी एलनुराकडे जाऊन या, मग देते."

अबांनी हात मागे घेतला. "नारीनला जाईन, बिश्केकला जाईन. तिच्याकडे नाही."

"का? पोरगी हुशार आहे. केनेशची मुलगी ती, तुमच्याच मित्राची. तुम्ही तिला अंगाखांद्यावर..."

"क्लारा," ते म्हणाले, "बाटली दे."

मी दिली. वाटलं, लाज वाटत असेल. कालच्या पोरीपुढे बसून मला झोप येत नाही म्हणून सांगायचं, एवढा मोठा माणूस. केनेश त्यांच्याबरोबर चौकीवर बुलडोझर चालवायचा. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत हिमलोटाखाली सापडला तेव्हा एलनुरा चार वर्षांची होती. त्यानंतर दर शरदात अबा त्याच्या घरी गाडीभर लाकडं टाकून यायचे. एकही वर्ष चुकलं नाही. गाव म्हणायचं, दोस्ती असावी तर अशी.

नोव्हेंबरच्या शेवटी एका नातेवाईकाकडच्या बारशाहून अबा आणि बुरुल-एजे परत येत होते. भर दुपार, लख्ख ऊन. रस्ता सरळ. अबांनी गाडी पुलाच्या अलीकडे सरळ खड्ड्यात घातली. बुरुल-एजेचं मनगट मोडलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा अबा बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांना खरचटलंही नव्हतं.

"डुलकी लागली," ते म्हणाले. "पुन्हा."

त्या 'पुन्हा'कडे माझं लक्ष गेलं नाही. आतून बुरुल-एजेचा आवाज येत होता. प्लास्टर करणाऱ्या पोराला ती सांगत होती, "जरा जपून रे, याच हातानं मला म्हाताऱ्याला बदडायचंय."

ती बाहेर आली, गळ्यात हात अडकवलेला. नवऱ्यासमोर उभी राहिली. आवाज खाली आला. "अहो, ऐका. मी एकेचाळीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही. हा हात मोडला तर मोडला. पण मागच्या सीटवर शेजाऱ्यांची नातवंडं बसणार होती, आठवतंय ना? ती ऐन वेळी राहिली. एलनुराची खोली इथून वीस पावलांवर आहे. चला."

अबा उठले. कोळशाच्या दारानं नाही, समोरच्याच व्हरांड्यातून, सगळ्यांच्या देखत गेले.

आत काय झालं ते मला पुढे अबांनीच सांगितलं. एलनुरा उठून उभी राहिली, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "या अबा. केव्हाची वाट बघतेय मी तुमची. क्लारा-एजेनं सांगितलं होतं."

"क्लाराच्या पोटात काही राहत नाही," अबा म्हणाले.

"आठवतं का, तुम्ही लाकडं घेऊन आलात की मी परतीच्या गाडीत चढून बसायची? गल्लीच्या टोकापर्यंत तुम्ही मला न्यायचा आणि मग हात धरून परत आणून सोडायचा."

अबा खिडकीकडे बघत राहिले.

तिनं तासभर नुसते प्रश्न विचारले. किती वाजता पडता, किती वाजता उठता, चहा किती, दिवसा डोळा लागतो का. मग म्हणाली, "अबा, आजपासून तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत अंथरुणाला पाठ टेकायची नाही. आणि सहाला उठायचं. झोप लागो न लागो."

"मी झोप मागायला आलोय, पोरी."

"देणार आहे ना. पण आधी ती मोजून द्यावी लागेल. तुम्ही नऊ तास पडून राहता आणि दोन तास झोपता. अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, असं तुमचं शरीर शिकून बसलंय. तिथे तुम्ही पहारा देता. आपण पहारा वेगळा करू आणि झोप वेगळी. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठायचं, दुसऱ्या खोलीत खुर्चीवर बसायचं. डोळे जड झाले तरच परत यायचं. घड्याळ बघायचं नाही. दिवसा डुलकी नाही. थेंब नाहीत. आणि मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पहिले काही आठवडे झोप आणखी कमी होईल."

बुरुल-एजे तणतणत माझ्याकडे आली. "ऐकलंस का? जो आधीच उपाशी आहे त्याला म्हणते, तुझी भाकरी अर्धी करते! ही शिकून आली का विसरून?"

पण पाळलं दोघांनीही. एलनुरानं एक वही दिली होती, झोपेची नोंद ठेवायला. अबांनी पहिल्या आठवड्याची वही नेऊन दाखवली. तिनं उघडली आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौकीवरच्या नोंदवहीसारखी एकेक ओळ लिहिली होती: 'वारा पश्चिमेचा, मध्यम. पडलो १.००. जागा १.४०. छपरावरून बर्फ घसरला, सुमारे दोन बादल्या. धोका नाही.'

"अबा, मला वाऱ्याची दिशा नकोय."

"वाऱ्याशिवाय नोंद कशी पुरी होईल?"

"बरं, लिहा. वाराही लिहा."

पहिले तीन आठवडे माणूस भिंतीला टेकून चालत होता. जेवताना हातातला चमचा गळायचा. बुरुल-एजे त्याला एका हातानं ढोसून जागं ठेवायची, दुसरा प्लास्टरमध्ये. संध्याकाळी ते माझ्या दुकानात येऊन बसायचे, घरी बसलो तर डोळा लागेल म्हणून, आणि मला बोलायला लावायचे. मी त्यांना औषधांवरचे बारीक कागद वाचून दाखवायची. यकृताच्या गोळीचे दुष्परिणाम त्यांना तोंडपाठ झाले.

मग जानेवारीत एकदा वहीत ओळ आली: 'पडलो १.००. मग काही आठवत नाही. ५.१०.'

चार तास दहा मिनिटं. बुरुल-एजेनं त्या सकाळी कढईभर बोरसोक तळले आणि ते पाव सगळ्या गल्लीत वाटले. कुणी विचारलं कशाबद्दल, तर म्हणाली, "म्हातारा घोरला."

पण तिथेच गाडं अडलं. फेब्रुवारी गेला, मार्च उजाडला. एलनुरानं पडायची वेळ बारावर आणली, मग साडेअकरावर. उठायची वेळ मात्र हलेना. बाराला पडले तरी पाच दहा. साडेअकराला पडले तरी पाच दहा. घड्याळ पालथं करून ठेवलं होतं. तरी डोळे उघडून ते सरळ केलं की पाच वाजून दहा मिनिटं.

तिनं वहीवर बोट ठेवून, सहज विचारावं तसं विचारलं, "अबा, पाच वाजून दहा मिनिटांनी काय होतं?"

अबांनी वही मिटली. म्हणाले, "तू दार लाव. आणि माझं बोलून होईपर्यंत मला अबा म्हणू नकोस."

आणि त्यांनी सांगितलं.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत वादळ होतं. बदलीचा माणूस वर येऊ शकला नव्हता. अबा सलग दुसरी रात्र चौकीवर एकटेच जागे होते. वारा पडला, पहाट झाली. खाली वळणावर प्रवाशांची बस दोन दिवस अडकली होती. केनेश खालच्या तळावर बुलडोझर गरम करून बसला होता. ठरलेलं असं होतं की तो वायरलेसवर विचारणार, जापार उतार बघून सांगणार. जापार चुलीशी बसले. भिंतीवरच्या घड्याळात पाच दहा झाले होते. पुढचं त्यांनी पाहिलं तेव्हा सहाला पाच कमी होते, आणि जाग त्यांना वायरलेसनं नाही, डोंगराच्या आवाजानं आली होती.

"तो मला हाका मारत असणार," अबा म्हणाले. "कितीदा, कोण जाणे. वायरलेस माझ्या कोपराशी होता. उत्तर नाही म्हटल्यावर त्याला वाटलं असेल, यंत्र बिघडलं. बसमध्ये लेकरं होती. निघाला. मी जागा असतो तर उताराकडे एकदा बघून म्हटलं असतं, थांब. मी चौकशीत सांगितलं की वादळात यंत्र बंद पडलं होतं. कुणी खोदून विचारलं नाही. यंत्र चांगलं होतं, पोरी. झोपलो होतो मी."

बुरुल-एजेलाही हे माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं एका माणसानं हे छातीत धरलं होतं.

समोरच्या टेबलावर लोकांसाठी कागदी रुमाल ठेवलेले असतात, त्यातला एक घेऊन एलनुरा त्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिली. मग उठली. "आजची वेळ अजून आहे, पण मला हे इथेच थांबवावं लागेल," असं म्हणाली. दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "अबा..." तो शब्द तिच्या तोंडून सवयीनं निघाला असेल. "तुम्ही घरी नीट जाल ना? बुरुल-एजेला बोलावू का?"

त्या संध्याकाळी अबा माझ्या दुकानात आले ते बसायला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आता तुला कळलं, मी तिच्याकडे का जात नव्हतो. सगळ्या मुलखात झोपेची डॉक्टर एकच, आणि ती कोण तर ती." मी त्यांना धरून बसवलं, चहा केला. मी त्यांना आठवड्याला एक बाटली विकत होते, आणि ते ती कशावर घेत होते ते मला ठाऊक नव्हतं.

तीन दिवसांनी एलनुराचा निरोप आला. तिनं दोनच गोष्टी कळवल्या होत्या. पहिली: ती यापुढे त्यांच्यावर उपचार करू शकत नाही, ते बरोबर होणार नाही, पण नारीनमध्ये तिचा सहकारी आहे, एर्किन नावाचा, तो दर बुधवारी फोनवर, व्हिडिओतून समोरासमोर बोलेल, आणि तो चांगला आहे. दुसरी: आईला ती सांगणार नाही. ते अबांचं काम.

अबांनी कोट घातला, बुरुल-एजेनं डोक्याचा रुमाल बदलला, आणि दोघं कुलीपा-एजेच्या दारात गेली. कुलीपा म्हणजे केनेशची बायको. तिनं नेहमीसारखं "आत या, चहा टाकते" म्हटलं, पण अबा उंबऱ्याबाहेरच थांबले, आणि तिथेच सगळं सांगितलं. टोपी काढून.

कुलीपा-एजेनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "यापुढे लाकडं आणू नका." आणि दार लावलं.

बुरुल-एजे परत येताना रस्त्यात थांबली. नवऱ्याचा कोट धरून म्हणाली, "माझ्या शेजारी झोपून एकोणतीस वर्षं एकट्यानं जागलात! मला हलवून उठवायचं होतंत की हो." आणि भर रस्त्यात रडली. गावात ही गोष्ट दोन दिवसांत पसरली. काही जणांनी अबांना सलाम करणं सोडलं. भट्टीवाल्यानं सोडलं नाही. ट्रकवाल्यांपैकी एक म्हातारा मुद्दाम येऊन म्हणाला, "दोन रात्री जागलेला माणूस आहे तो, घुबड नव्हे." पुढच्या लग्नात अबा पाहुण्यांच्या जागेवर बसले नाहीत, दाराजवळ बसले. यजमानानं हात धरून वर न्यायला बघितलं, तर म्हणाले, "इथे वारा चांगला लागतो."

बुधवारच्या भेटी मात्र त्यांनी चुकवल्या नाहीत. फोन असा धरायचे की एर्किनला नुसतं कपाळ दिसायचं. "अबा, थोडा खाली घ्या," तो म्हणायचा; अबा स्वतःच खाली वाकायचे. एर्किननं त्यांना झोपेचं फारसं काही शिकवलं नाही म्हणे, ते शिकून झालं होतं. तो त्यांना पुन्हा पुन्हा ती सकाळ सांगायला लावायचा. सातव्यांदा सांगताना त्यांना आठवलं की चुलीवर चहा ठेवला होता. जागं राहायला म्हणून ठेवला होता. "हे मी विसरलोच होतो," ते मला म्हणाले. "मी झोपायला बसलो नव्हतो, क्लारा. चहा करायला बसलो होतो."

जूनमध्ये एलनुरा त्यांच्या घरी आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाली, "अबा, मी खिंडीत कधी गेले नाही. बस तिथून जाते तेव्हा मी डोळे मिटून घेते. तुम्ही मला ती जागा दाखवाल?"

गाडी मी चालवली. वर उतार हिरवा झाला होता, घोड्या आणि शिंगरं चरत होती, तंबू लागले होते, बाया रस्त्याच्या कडेला बाटल्यांतून घोडीचं आंबवलेलं दूध विकत होत्या. चौकी आता बंद आहे, खिडक्यांना फळ्या. अबांनी काठीनं दाखवलं: तो इथून आला, इथवर पोचला, इथे. एलनुरा त्या जागी गवतावर बसली. दुआ झाली. मग ती म्हणाली, "मला तो कसा गेला ते कळलं. आता तो होता कसा ते सांगा. आई सांगते, पण घरातला सांगते. वरचा मला कुणी सांगितला नाही."

अबा सांगू लागले. की केनेश वायरलेसवर बेसूर गायचा आणि साहेब ओरडला की म्हणायचा, वारा आहे साहेब. की त्याच्या कोटाच्या खिशात कायम कच्चा कांदा असायचा, आणि तो सफरचंदासारखा खायचा. की एलनुरा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो ड्यूटी नसताना वर आला, बुलडोझर काढला आणि चौकीसमोरच्या सपाटीवर बर्फात पातं ओढून ओढून तिचं नाव लिहिलं. दोन तास लागले. चौकीच्या छपरावर चढून बघितल्याशिवाय वाचता येत नव्हतं, इतकी मोठी अक्षरं.

"आणि मधला 'ल' विसरला," अबा म्हणाले. "मी छपरावरून ओरडलो, अरे एनुरा कोण? तर म्हणतो, चिकटव कुठेतरी, मोठी झाली की दुरुस्त करेल."

एलनुरा हसायला लागली. हसता हसता तिनं डोकं गुडघ्यांत घातलं. अबांनी हात पुढे केला, तो तिच्या पाठीवर ठेवावा की नाही ते त्यांना कळेना, मधेच थांबला. तिनंच तो धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

मग ती म्हणाली, "मी रागावलेय, अबा. तुम्ही झोपलात याचा नाही. त्याचा राग करायला मी झोपेची डॉक्टर कशाला झाले? खोटं बोललात त्याचा आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही."

"राहू दे," अबा म्हणाले. "जेवढे दिवस राहील तेवढे."

येताना खिंडीत आरशात पाहिलं तर एलनुरा खिडकीबाहेर बघत होती, डोळे उघडे.

आता अबा अकराला पडतात. पाच-साडेपाच तास झोपतात. अधूनमधून रात्र वाया जाते, मग खुर्चीत बसून राहतात, चिडत नाहीत. अजून कधीकधी पाच दहाला जाग येते. थेंब बंद आहेत. एर्किनशी महिन्यातून एकदा बोलतात, आता त्याला नाकही दिसतं. कुरुत पुन्हा सुरू केलंय, ते डॉक्टरला सांगायचं नाही असं मला बजावलंय.

या शरदात ते लाकडं घेऊन गेले नाहीत. त्यांना ते फार जड गेलं. गाडी भरून अंगणात उभी होती, आणि त्यांनी ती शाळेच्या चुलीसाठी दिली.

ऑक्टोबरच्या अखेरीस कुलीपा-एजे माझ्या दुकानात आली. डोळ्यांत घालायचं औषध हवं होतं. मी दिलं. ती पिशवी आवळत काउंटरशी रेंगाळली. बाहेर उन्हात पॉपलरची पानं गळत होती.

"तो झोपतो का?" तिनं विचारलं.

कोण, असं मी विचारलं नाही. "झोपतो, एजे. पाच तास. कधी साडेपाच."

"पाच." ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला नऊ लागायचे. सुट्टीच्या दिवशी दहा. पोरगी पोटावर चढून नाचायची, तरी उठायचा नाही." मग म्हणाली, "पाच तास म्हणजे या वयात कमी नाहीत, नाही का गं?"

"कमी नाहीत," मी म्हटलं.

तिनं बाटली उन्हाकडे धरून पाहिली. "हे दिवसातून कितीदा घालायचं?"

"तीनदा."

"एकटीनं घालता येत नाही मला. गालावरच पडतं सगळं."

मी काउंटरच्या बाहेर आले, तिला खिडकीशी खुर्चीवर बसवलं, आणि तिची हनुवटी धरून डोकं मागे केलं.